संडासाच्या खड्ड्यात टाकलेल्या मोटारीच्या किल्लीबाबत

नाव : सुयुमकान तुर्दुबाएवा. वय : ४७ वर्षे. व्यवसाय : विद्यापीठाच्या वर्तन-अभ्यास विभागात नोकरी. राहणार : बालिक्ची, रेल्वे यार्डामागची गल्ली.

तोरत-बुलाक पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी आईसह राहते. नवरा नाही. हे विचारण्यात आले म्हणून सांगितले, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

आमच्या विभागाचा अभ्यास दारू पिऊन गाडी चालवण्याविषयी आहे. मोठ्या माणसांना विचारून झाले. आता लहान मुले टीव्हीवर आणि घरात हे प्रकार पाहतात त्यातून काय शिकतात, हे बघायचे आहे. त्यासाठी मी ठरलेल्या घरांत जाते, मूल टीव्ही बघत असताना त्याच्याजवळ बसते, ते कशाकडे बघते, कशाला हसते ते टिपते. मग खेळण्यातली मोटार आणि बाहुले देऊन त्याच्याशी खेळते. घरच्यांना काही शिकवायचे नाही आणि कशात मध्ये पडायचे नाही, असा विभागाचा नियम आहे. तो मला माहीत होता. माहीत नव्हता असे मी म्हणणार नाही.

फिर्यादी केंजेबेक असानोव यांचे तोरत-बुलाक येथे बांधकामाच्या सामानाचे दुकान आहे. घरात पत्नी चोल्पोनाय, चार वर्षांची मुलगी मीरिम आणि फिर्यादीची आई बुरुल आपा राहतात. मी वसंतापासून दर रविवारी त्यांच्याकडे जात आहे. चहा पाजल्याशिवाय त्यांनी मला कधी परत पाठवले नाही. केंजेबेक मला ‘एजे’ म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. हे मुद्दाम सांगते, कारण फिर्यादीत मला ‘अनोळखी बाई’ म्हटले आहे.

मीरिमला एक विनोदी मालिका आवडते. तिच्यातला काका दर भागात पिऊन गाडी चालवतो, गाडी चरात पडते, काका बाहेर येऊन टोपी झटकतो आणि सगळे हसतात. मागे एकदा मी मीरिमच्या हातात बाहुला दिला आणि विचारले, “हा जेवणावळीत खूप प्यायलाय. आता घरी कसा जाईल?” तिने त्याला मोटारीत बसवले. मी विचारले, “आणि गाडी पडली तर?” तिने मोटार उलटी केली आणि बाहुला उभा केला. म्हणाली, “पडली की सगळे हसतात. मग उठतात.” मी विचारले, “सगळे?” ती म्हणाली, “सगळेच.” हे मी टिपून घेतले. घरात कोणालाही सांगितले नाही, कारण नियम तसा आहे.

गेल्या रविवारी केंजेबेकचा धाकटा भाऊ रशियातून कामावरून परत आला म्हणून घरी मेंढी कापली होती. पाहुणे बरेच होते. माझा यायचा दिवस असल्याने मीही गेले. दुपारपासून पुरुषमंडळी व्होडका पीत होती. जेवणे अर्धी झाल्यावर केंजेबेक उठला आणि सासऱ्यांना आणायला जातो म्हणाला. सासऱ्यांचे गाव दरीच्या वळणापलीकडे आहे. रस्त्याला कठडा नाही, हे या ठाण्यातल्या सर्वांना माहीत आहे. उठताना त्याने भिंतीचा आधार घेतला. पायात एक बूट स्वतःचा आणि एक पाहुण्याचा घातला.

तो म्हणाला, “मीरिमला नेतो. नात दिसली की म्हातारा नाही म्हणणार नाही.”

चोल्पोनाय म्हणाली, “तिला राहू दे ना. आत्ताच जेवलीय.”

“का? माझ्याबरोबर न यायला परक्याची पोर आहे का ती?”

एक पाहुणा म्हणाला, “काही काळजी करू नकोस वहिनी, हा प्यायला की जास्त सांभाळून चालवतो.” सगळे हसले. हे वाक्य मी कामाच्या निमित्ताने गावोगाव ऐकले आहे.

बुरुल आपा सुनेला म्हणाल्या, “जाऊ दे गं. याचे वडीलही असेच चालवायचे.” त्या वडिलांचा काळी फीत लावलेला फोटो टीव्हीच्या वर आहे. मी तिकडे पाहिले. बुरुल आपांनी पाहिले नाही.

केंजेबेकने मोटार चालू केली आणि फाटक उघडायला उतरला. फाटकाची कडी त्याला सापडत नव्हती. मीरिम पुढच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून काचेतून बघत होती. मी मोटारीपाशी जाऊन तिला म्हटले, “मीरिम, उतर बाळा, आपण आत खेळू.”

ती म्हणाली, “नाही. मला गाडी पडताना बघायचीय.”

त्यानंतर मी खिडकीतून हात घालून मोटार बंद केली आणि किल्ली काढून घेतली. अंगण ओलांडून मागच्या संडासात गेले आणि किल्ली खड्ड्यात टाकली. मी धावले नाही. लपूनही केले नाही. फिर्यादीत ‘चोरी’ असा शब्द आहे. चोरलेली वस्तू माणूस स्वतःजवळ ठेवतो. ही वस्तू फिर्यादीच्याच जागेत, फिर्यादीच्याच खड्ड्यात आहे आणि ती केव्हाही काढून घेण्यास माझी हरकत नाही.

केंजेबेक माझ्याकडे आला आणि म्हणाला, “एजे, किल्ली द्या.”

मी म्हटले, “टाकली.”

“कुठे टाकली?”

“तुमच्या संडासात.”

पाहुणे हसले. तेव्हा त्याने माझी कॉलर धरली. कोटाची बटणे तुटली. भावाने त्याला मागे ओढले. याबाबत माझी तक्रार नाही. तेवढ्यात चोल्पोनायने मीरिमला सीटवरून उचलले, घरात नेले आणि आतून कडी लावली. कडीचा आवाज सर्वांनी ऐकला.

मी तिथूनच या ठाण्याला फोन केला. इसम दारू प्यायलेला आहे, दुसरी गाडी मागून घेऊन निघेल, श्वास तपासायचे यंत्र घेऊन कोणी तरी या, असे सांगितले. यंत्र सरोवराकडच्या चौकीत आहे आणि आज रविवार आहे, असे उत्तर मिळाले. कोणी आले नाही. हे लिहिण्याची आवश्यकता नाही असे जबाब घेणारे लेफ्टनंट ओरोझालियेव यांचे म्हणणे पडले. आवश्यकता आहे असे माझे म्हणणे पडले. म्हणून लिहिले आहे.

सोमवारी आमच्या विभागाचे प्रमुख एमिल सुल्तानोविच यांचा बिश्केकहून फोन आला. ते म्हणाले, “सुयुमकान, तुम्ही त्या दिवशी पाहुणी म्हणून गेला होता, कामावर नव्हता, एवढंच सांगा. मग विभाग वकील देईल.” मी म्हटले, “मी कामावर होते.” ते म्हणाले, “तुम्ही मध्ये पडल्यामुळे ते घर अभ्यासातून बाद झालं. इतक्या महिन्यांची मेहनत गेली.” मी म्हटले, “गेली.” ते म्हणाले, मग नोकरीचे काय ते नंतर बघू. मी म्हटले, बघा. तरी मी सांगते की, घटनेच्या वेळी मी कामावर होते आणि विभागाचा नियम मी मोडला.

आज ठाण्याच्या बाकावर केंजेबेक भेटला. प्यायलेला नव्हता. तो म्हणाला, “एजे, दोन ओळी माफीच्या लिहून द्या, मी फिर्याद मागे घेतो. सगळ्या गावासमोर हसं झालं माझं.” मी त्याला विचारले, मुलगी मोटारीत काय म्हणाली ते ठाऊक आहे का? तो नाही म्हणाला. मी सांगितले. त्याने आपल्या बुटांकडे पाहिले. मग म्हणाला, “मूल आहे. मुलं काहीही बोलतात.” मी म्हटले, नाही, मुले जे बघतात ते बोलतात, आणि हे बघणे माझे काम आहे. तो म्हणाला, “म्हणजे माफी नाही?” मी नाही म्हटले.

लेफ्टनंट ओरोझालियेव यांनीही मला समजावले. चांगल्या शब्दांत समजावले, त्यांचा राग नाही. ते म्हणाले, “एजे, लहान गाव आहे. उद्या तुम्हाला कोण घरात घेईल?” त्यांचे म्हणणे खरे असू शकेल. मी माफी लिहून देणार नाही. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा तसेच करीन. खड्डा जवळ नसेल तर दुसरी जागा शोधीन.

मला पुढे विचारण्यात आले की, फिर्यादीच्या घरात मोटारीची दुसरी किल्ली होती. ती कपाटात असे आणि रविवारपासून तीही सापडत नाही. ती मी घेतली काय? तर मी सांगते की, ती मी घेतलेली नाही. मी त्या कपाटाला कधी हात लावलेला नाही, आणि आतून कडी लागल्यावर मी घरात गेलेही नाही.

ती किल्ली कोठे आहे हे मला माहीत आहे काय, असे विचारले असता, माहीत आहे असे मी सांगितले.

कोठे आहे, असे विचारले असता, सांगणार नाही असे सांगितले. उत्तर नाकारल्याची नोंद होईल, असे मला बजावण्यात आले. नोंद करावी.

हा जबाब मी सांगितला तसा लेफ्टनंट ओरोझालियेव यांनी लिहिला आणि मला किरगिझ भाषेत मोठ्याने वाचून दाखवला. किल्ली खड्ड्यात टाकली या वाक्यात त्यांनी ‘चुकून’ हा शब्द माझ्या भल्यासाठी घातला होता. तो माझ्या सांगण्यावरून खोडला आहे. बाकी सगळे बरोबर आहे.

समक्ष,
सुयुमकान तुर्दुबाएवा (सही)