सर ‘बदाम’ म्हणाले तेव्हा

आजच्या सभेच्या अध्यक्षा आदरणीय इंदूताई, सत्कारमूर्ती शामकांत सर, सरांचे ब्रिजमधले भिडू राधाकृष्णतात्या, आणि कोल्हारच्या या वाचनालयावर जीव असणाऱ्या सगळ्या मंडळींना माझा नमस्कार.

आधी कबूल करतो. हे भाषण लिहायला मला आठवडा दिला होता आणि मी ते आज दुपारी चहाच्या टपरीवर बसून लिहिलं. रोज कागद काढायचो, घडी घालून परत खिशात. सुचत नव्हतं असं नाही. जे सुचत होतं, त्यालाच सरांची बंदी होती. “निरोपाच्या दिवशी नगरचा विषय काढू नकोस,” म्हणाले. बघू कितपत जमतं. कागदावर चहाचे डाग पडलेत, तिकडे बघू नका, माझ्याकडे बघा. नको, माझ्याकडेही नको.

मी कुठल्याच गावात फार टिकत नाही. शाळेतही टिकलो नाही. जनावरांच्या टेम्पोवर घोडेगावच्या बाजाराला जायचो. तिथे व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. एकदा एका खिलार बैलाच्या सौद्यात... असो, ते लांबेल. टेम्पो बिघडला म्हणून कोल्हारला थांबलो, पंख्याखाली बसायला इथे वर आलो, तर चार माणसं पत्ते हातात धरून नुसती बोलत होती. खेळतच नव्हती! सरांनी समजावलं: ब्रिजमध्ये आधी बोली. आपल्या हातात काय आहे, ते समोरच्या भिडूला बोलीतूनच कळवायचं. काही बोलींचे संकेत ठरलेले असतात, बोलायचं एक, अर्थ दुसरा. मी म्हटलं, “म्हणजे उपरण्याखालची बोटंच की!” सर म्हणाले, “उलट. इथे उपरणंच नाही. विरुद्ध जोडीने विचारलं, की आपल्या भिडूच्या बोलीचा ठरलेला अर्थ आपण सांगायचा. खरा सांगायचा.”

आता सर माझ्याकडे रोखून बघताहेत. सर, रागवा हवं तर. पण उद्या सकाळी तुम्ही मुलीकडे नागपूरला कायमचे जाणार, आणि मागे काय राहणार? ‘सर खोटं बोलले’, एवढंच? मला झोप लागत नाही हो.

नगरच्या स्पर्धेत मी तात्यांच्या मागे बघ्या म्हणून बसलो होतो. बघ्याने तोंड उघडायचं नसतं. सर बोलले, “एक बिनहुकमी,” म्हणजे कुठलाच रंग हुकूम नाही. तात्यांकडे चौकटची रांगच्या रांग. ते बोलले, “दोन चौकट.” मी तोंडावर हात दाबला. कारण दिवाळीपासून या जोडीचा नवा संकेत होता: या जागी दोन चौकट म्हणजे चौकट नव्हे, बदाम. तात्या विसरले होते. विरुद्ध जोडीतल्या जामखेडच्या हनुमंतरावांनी विचारलं, “सर, ह्याचा अर्थ काय?”

“बदाम. निदान पाच,” सर म्हणाले, आणि संकेताप्रमाणे स्वतः दोन बदाम बोलले.

तात्यांच्या मानेवरून घाम उतरला, मला मागून दिसत होता. तीन चौकट बोलून सुटता आलं असतं. पण नियम असा, की भिडूने सांगितलेला अर्थ आपल्या कानावर पडलाच नाही, असं धरून चालायचं. आपली चूक त्यातून कळली तरी पळवाट शोधायची नाही. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? तात्या म्हणाले, “पास.” म्हणजे हुकूम बदामाचाच ठरला.

पत्ते उघडे पडले. तात्यांकडे बदाम दोनच!

“पाच म्हणला हुता ना, सर?” हनुमंतराव उठूनच उभे राहिले. “बदाम तर माझ्याकडं हायेत! तुमच्या शब्दावर मी गप बसलो. हा काय घोडेगावचा बाजार हाय व्हय, उपरण्याखाली बोटं दाबायला?”

“आवं, मी इसारलो,” तात्या म्हणाले. “सरांनी ठरलेलंच सांगितलं. चुकलं ते माझं.”

“लई भारी! विसरायचं पन जोडीनं ठरवून आलता का?”

मी म्हटलं, मी बघत होतो. तर हनुमंतराव मला म्हणाले, “तू त्यांचाच. बस खाली.” सर एवढंच म्हणाले, “अर्थ विचारलात, तो सांगितला. त्याचे पत्ते मला कसे दिसणार?”

पंचांनी निकाल राखून ठेवला. तो अजून आलेला नाही. मोबाईलवरच्या ग्रुपात मात्र लोकांनी कधीच देऊन टाकला. तेव्हापासून सर पत्त्यांना शिवलेले नाहीत. मला एकच विचारायचंय. दोघांचे मिळून तेरापैकी पाचच हुकूम, तसल्या डावावर सर बसले आणि बुडाले. आतून संगनमत असलेली जोडी अशी बुडायला बसेल का? हे पंचांना दिसत नसेल का? का दिसत असून उशीर होतोय? मघापासून जिन्यात पाऊल वाजलं, की माझी ओळ चुकतेय.

आवरतो. इंदूताईंनी मला इथे उभं केलं, तुम्ही माझं भरकटणं सोसलंत, सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल ते माझ्या पदरात टाका, सरांच्या नको. सर, नागपूरला गेल्यावर...

काय म्हणालात, ताई? पंचांचा निकाल आला? नाही? मग जिन्यात कोण आहे? सरांना निरोप पाठवलाय... “गाडी उद्या हाय ना, मग आज एक डाव हुऊ द्या. मला सरांच्या समोर बसायचंय.” समोर? म्हणजे भिडू म्हणून? तात्या, तुम्ही का उठलात? आणि खुर्ची कुणाला देताय?

मंडळी, जरा वाट द्या. जामखेडचे हनुमंतराव आलेत.