पंपाचा एकपानी फॉर्म

...आणि वर मलाच म्हणतात, हसा की जरा, फोटो काढायचाय! तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं कृषी खात्याच्या ऑफिसात अर्ज घेतोय, खिडकी नंबर तीन, पण माझा फोटो काढावा असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. काल काढला. का? तर फॉर्म सोपा झाला, बरं का!

कुठला फॉर्म? पाण्याच्या पंपाला अनुदान मागायचा. आधी एकोणीस पानी होता. एकोणीस! त्यात आजोबांचं नाव दोनदा, एकदा पान दोनवर, एकदा पान अकरावर, मधल्या मधे बदललं असेल तर! मग वरून हुकूम आला, एका पानात बसवा. साहेबांनी मला बोलावलं, "तुम्ही खिडकीवरचे अनुभवी, तुम्हीच करा." मी फुगलो हो! घरी जाताना वाट वाकडी करून दादाकडे गेलो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची लिंबाची दोनशे दहा झाडं, तीन वर्षांची, आता फळ धरणार, आणि नेमका तेव्हाच पंप जळालेला. विहिरीत पाणी आहे, वर येत नाही! तो बिचारा चष्मा लावून एकोणीस पानं मांडून बसलेला, सातव्या पानापर्यंत पोचलेला. मी म्हटलं, "दादा, फाड ते! महिन्याभरात सोपा येतोय, मीच करतोय!" आणि त्यानं फाडला. माझ्या शब्दावर फाडला हो!

महिना? आठ महिने लागले, आठ! कारण एकेक रकाना म्हणजे कुणा ना कुणाचा जीव की प्राण. नकाशे विभागाच्या बाई, "चतुःसीमा काढताय? मग मी उद्यापासून येऊ नको का?" म्हटलं, बाई, तुम्ही या, फक्त रकाना जाऊ द्या. तपासणीवाले, "विहिरीची खोली काढलीत तर आम्ही मोजायचं काय?" साहेबांचं तर भलतंच, "सोपा करा, पण त्यातलं काही कमी करू नका." आता याला काय म्हणाल तुम्ही? आणि तोवर जुना फॉर्म बंद, नवा तयार नाही, खिडकी उघडी, मी आत नुसता बसलेला... वहिनीचा फोन यायचा, "भाऊजी, झालं का हो? आम्ही दोघं बादल्यांनी पाणी घालतोय, पण किती झाडांना पुरणार?" पहिल्यांदा चहा तसाच टाकून साहेबांकडे धावलो. तिसऱ्यांदा नुसता उठून उभा राहिलो. सहाव्यांदा मी "होतंय, होतंय" म्हणालो आणि चहा संपवला. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला राहत नाही, तसं झालंय मला. चिमटा काढा, काही कळत नाही. पण फॉर्म सोपा झाला, बरं का!

शेवटी शक्कल मीच काढली. झाडं किती, कधी लावली, किती जगली, वाळली असतील तर का वाळली, असे बावीस प्रश्न होते. मी एकच केला. 'झाडे जिवंत आहेत का? हो किंवा नाही, योग्य चौकोनात खूण करा.' कारण लिहायच्या चार ओळी होत्या, त्याही मीच उडवल्या. सत्तावीस वर्षांत त्या ओळी वाचताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. साहेब म्हणाले, "वा!"

काल पहिला दिवस, पहिला नंबर दादाचा. भराभर भरत गेला आणि झाडांपाशी पेन थांबलं.

"अरे, अकरा जगलीत. अकरा म्हणजे हो का नाही?"

"हो म्हण की! जिवंत म्हणजे जिवंत!"

"दोनशे दहांतली अकरा... हो म्हणायला जीभ रेटत नाही रे. पाणी नव्हतं म्हणून गेली, हे कुठं लिहू? इथं कडेला लिहू?"

"कडेला लिहिलंस तर अर्ज बाद, दादा." हा नियमसुद्धा माझाच.

त्यानं 'नाही'वर खूण केली, छान, चौकोनाच्या आत. झाड नाही, तर पंप कशाला? 'नामंजूर'चा शिक्का माझ्याच टेबलावर. मारला. अगदी सरळ उमटला. साहेब मागे घड्याळ धरून उभे, "चार मिनिटं! पूर्वी नाही म्हणायला वर्ष लागायचं!" टाळ्या झाल्या, फोटो निघाला. हसा म्हणाले, हसलो. रडा म्हणाले असते तर तेही जमलं नसतं.

दादाला फाटकापर्यंत सोडायला गेलो. त्यानंच माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मनाला लावून घेऊ नको. फॉर्म खरंच सोपा केलायस रे. या वेळी माझा मला भरता आला."