टेक चौथा, पुलावरची उडी

(परदेशातला, रहदारी अडवलेला रस्ता. मधोमध शर्यतीची लाल गाडी. लख्ख ऊन.)

दिग्दर्शक : लिहून ठेव. पाठलाग म्हणजे काय, हे आज आपण जगाला शिकवणार आहोत. पहिल्या भागात नुसती शर्यत होती. या भागात साक्षात काळ आपल्या मागे धावणार.

स्टंटवाला : धावू दे, भाऊजी. आधी हा वायपर कसा बंद होतो ते बघा. वळायचा दिवा लावायला गेलो आणि हा सुरू झाला.

दिग्दर्शक : पाठलागात वळायचा दिवा कशाला हवा?

स्टंटवाला : सवय. तीस वर्षांत एकदाही दंड भरलेला नाही.

दिग्दर्शक : तुझ्या बहिणीनं तुला माझ्या गळ्यात बांधलं तेव्हाच मला... जाऊ दे. पहिल्या टेकला काय झालं?

स्टंटवाला : दार उघडलं.

दिग्दर्शक : का उघडलं?

स्टंटवाला : गिअर टाकायला गेलो. आपल्याकडे गिअर डाव्या हाताला. इथं स्टिअरिंगच डावीकडे, त्यामुळे डाव्या हाताला दार. डोक्याला कळतं हो, हाताला कळत नाही.

दिग्दर्शक : दुसऱ्या टेकला?

स्टंटवाला : दार.

दिग्दर्शक : आणि तिसऱ्याला तू रस्त्याच्या भलत्याच बाजूनं आलास. थेट खलनायकांच्या तीन गाड्यांसमोर.

स्टंटवाला : भली माणसं. थांबली. एकानं तर हातानं खूण केली, आधी तुम्ही जा म्हणून.

दिग्दर्शक : अरे, ते तुझ्या जिवावर उठलेले आहेत. तिकडे नगरपालिकेच्या बाई खुर्ची टाकून बसल्यात, त्यांनी टाळ्या वाजवल्या. विचारत होत्या, विनोदी चित्रपट आहे का. मी हो म्हणालो. काय करणार? बारा वाजता रस्ता उघडणार, मिनिटभरही जास्त मिळणार नाही, असं बजावलंय त्यांनी.

स्टंटवाला : साडेअकरा झालेत.

दिग्दर्शक : मला घड्याळ कळतं. निर्मात्यांचा फोन आला होता. म्हणाले, उडी इथल्या स्टंटवाल्याला द्या, तो जन्मापासून डावीकडेच बसतो. दहा मिनिटं भांडलो मी.

स्टंटवाला : मग?

दिग्दर्शक : मग काय. एक टेक मिळालाय. हा शेवटचा.

स्टंटवाला : देऊन टाका त्याला. माझ्या पोरीला तेवढं तुम्ही सांगा.

दिग्दर्शक : तिचा काय संबंध?

स्टंटवाला : पहिल्या भागात हिरोचा टोप घालून चौदा गाड्यांवरून मी उडालो. तिच्या वर्गात कोणाचा विश्वास बसला नाही. या वेळी तिला सांगून आलोय, गाडी पुलावर हवेत असेल तेव्हा कानाकडे बघ. हिरोच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे, माझी सुटी आहे.

दिग्दर्शक : हे मला कधी दिसलं नाही ते?

स्टंटवाला : तुम्ही बघता कुठं? उडीच्या वेळी डोळे मिटून घेता. कॅमेरावाल्यानं सांगितलंय मला.

दिग्दर्शक : ऊन येतं डोळ्यांवर.

स्टंटवाला : ती उडी गोदामात होती, भाऊजी.

दिग्दर्शक : बरं, आता करायचं काय? दोरीनं बांधू तुझा हात?

स्टंटवाला : दोरी नको. गिअर बदलताना स्टिअरिंग त्याच हातात राहणार. त्याला फक्त दाराकडे जाऊ द्यायचं नाही. माझ्या सीटमागं कोणीतरी दडून बसलं आणि कोपर धरून ठेवलं, की झालं.

दिग्दर्शक : मग विचार ना आपल्या माणसांना.

स्टंटवाला : विचारलं. लाइटवाल्याची कंबर धरलीय. कॅमेरावाला म्हणतो, माझी दोन मुलं लहान आहेत. मेकअपवाला म्हणाला, हे काम घरच्या माणसाचं.

दिग्दर्शक : घरचा इथं मी एकटाच आहे.

स्टंटवाला : तेच म्हणाला तो.

दिग्दर्शक : अरे, मी दिग्दर्शक आहे. मी गाडीत बसलो तर 'कट' कोण म्हणणार?

स्टंटवाला : गाडी खाली आपटली की आपोआप कट.

दिग्दर्शक : तुझ्या बहिणीला यातलं अक्षरही कळता कामा नये. सरक. इथं काय माणूस मावतो? पाय कुठं घालू... हं. हे तुझंच कोपर ना?

स्टंटवाला : माझंच. घट्ट धरा. डोळे मिटलेत तरी चालेल.

दिग्दर्शक : मिटणार नाही. आलोच आहे, तर बघतो.

स्टंटवाला : निघू?

दिग्दर्शक : निघ. नाही, थांब. मागची काच तेवढी वर घे. मला वारा सोसत नाही.