दोन इंच आखूड कोट

नात: आरशासमोरून हलू नका बाबा. आधी नीट बघा, मग काढा.

बाबा: बघितलं. कोट आहे, जीन्स आहे. दोन्ही निळे आहेत. आणखी काय पाहिजे?

नात: तिथेच तर घोळ आहे. सुटाचा कोट जीन्सवर चढवला की वाटतं, पँट भिजली म्हणून माणूस शेजाऱ्याची घालून आलाय.

आजी: अगं, बापाशी बोलतेयस. तुझ्या दुकानातल्या पुतळ्याशी नाही.

नात: पुतळे बरे, आजी. कोट चढेना तर हात काढून बाजूला ठेवता येतो.

बाबा: मला चार वाजता मुलाखतीला पोचायचंय. आत्ता साडेनऊ झालेत. तुमचं आवरलं की सांगा, तोवर मी बसतो.

आजी: कोट घालून बसू नकोस, मागे चुण्या पडतील.

बाबा: आई, मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

आजी: म्हणून चुण्या पडायच्या थांबतात का?

नात: आजी, तूच सांग यांना, सुटाचा कोट आणि ब्लेझर यात फरक काय तो. माझं ऐकत नाहीत. तू चाळीस वर्षं कोट शिवलेस.

आजी: शिवले नाहीत, मी काजं केली. मास्तर बेतायचे, कारागीर शिवायचे, आणि सगळ्यांचं झालं की कोट मागच्या खोलीत माझ्याकडे यायचा. दिवसाला तीस काजं, हाताने. गिऱ्हाइकांची तोंडं मी कधी बघितली नाहीत. पण दुरुस्तीला कोट परत आला की कोणाचं पोट सुटलंय ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळायचं. काज ताणलेलं असायचं.

बाबा: माझं काज बघू नकोस.

आजी: बघून झालं.

नात: आजी, फरक!

आजी: सांगते गं. सुटाचा कोट पँटीबरोबर जन्माला येतो, एकाच ताग्यातून. खांद्यात पॅड, छातीत कडक कॅनव्हास, आणि लांबी अशी की हात खाली सोडून बोटं वळवली तर कोटाचा काठ बोटांत यावा. मास्तरांचा नियमच होता तो. ब्लेझर आखूड असतो, मऊ असतो, त्याला जोडीदार लागत नाही. पण तोसुद्धा आम्ही करड्या पँटीवरच दिला. जीन्स तेव्हा गॅरेजमधले लोक घालायचे, ग्रीस दिसू नये म्हणून.

नात: आता कंपनीचे मालक घालतात.

बाबा: या कंपनीचा मालक एकतीस वर्षांचा आहे. मागच्या फेरीला बुटात मोजे न घालता बसला होता. मला वाटलं, वाळले नसतील.

नात: ती फॅशन आहे बाबा.

बाबा: असेल. पत्रात लिहिलंय, 'टाय नको, नेहमीच्या साध्या कपड्यांत या.' आता माझे नेहमीचे साधे कपडे म्हणजे हाच सूट. सत्तावीस वर्षं दर सोमवारी हाच. एवढं सरळ पत्र, आणि मला त्यातलं काही करता येत नाही.

नात: म्हणून तर मी आज सुट्टी काढलीय. मागच्या वेळी तुम्ही एकटे तयार झालात आणि त्या रेघा...

बाबा: ते राहू दे.

आजी: कसल्या रेघा?

बाबा: काही नाही गं.

आजी: कसल्या रेघा, चिमणे?

नात: तू बाबांच्या जुन्या जीन्सला इस्त्री केली होतीस ना? ओलं फडकं ठेवून, मधोमध घडी पाडून.

आजी: मग, पँटीला धार नको? अशी धार काढली होती की भाजी चिरावी. अर्धा तास गेला त्यात.

नात: जीन्सला धार नसते, आजी. ती रेघ पांढरी पडली, आता धुऊनही जात नाही. तिथल्या एका मुलीने बाबांना विचारलं, 'सर, तुम्ही थेट कोर्टातून आलात का?'

आजी: तुला कोणी सांगितलं?

नात: बाबांनीच. हसत हसत.

आजी: मला नाही सांगितलंस रे.

बाबा: अर्धा तास इस्त्री धरून उभी होतीस. रात्री पाय शेकत बसली होतीस. तुला काय सांगू?

आजी: म्हणजे माझ्यामुळे हसले तुला.

बाबा: दुसऱ्या फेरीला बोलावलं ना? धार बघूनच बोलावलं असेल.

आजी: थट्टा नको. नोकरी गेल्यापासून आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणी दुसऱ्यांदा बोलावलंय. नव्या पोरांना विम्याचे दावे तपासायला शिकवायचं, तुझ्या हातचा मळ आहे तो. आणि ते कपड्यांवरून जायला नको. माझ्या हातून तर मुळीच नको.

नात: जाणार नाही. नवी जीन्स आणलीय मी, गडद निळी, साधी, कुठे फाटलेली नाही, कुठे रंग उडालेला नाही. आजी, इस्त्री तिच्यापासून चार हात लांब ठेवायची. प्रश्न फक्त कोटाचा आहे. काल आमच्या दुकानातले चार ब्लेझर घालून बघितले. खांदा बसला तर पोटावर बटण लागेना, पोटावर बसला तर बाह्या नखांपर्यंत. तयार मापात बाबा बसतच नाहीत.

बाबा: कुठेच बसत नाही सध्या.

नात: म्हणून म्हणते, हाच कोट घेऊ. याचाच ब्लेझर करू. खालून दोन इंच आखूड, खांद्यांतले पॅड बाहेर, ही चकाकणारी काळी बटणं काढून तपकिरी लावायची. आजी आहे, मी आहे, चार वाजायला वेळ आहे.

बाबा: आणि सुटाचं काय?

नात: सूट राहणार नाही. पँट नुसती राहील.

बाबा: मग नको.

नात: का?

बाबा: नको म्हटलं ना. उद्या परत बोलावलं तर काय घालून जाऊ?

नात: कोणी बोलावलं तर?

बाबा: ऑफिसने. साहेब स्वतः म्हणाले होते, विभाग पुन्हा उभा राहिला की पहिला फोन तुम्हाला.

नात: आजी, बोल ना काहीतरी.

आजी: मी काय बोलू? या कोटाची सगळी काजं माझी आहेत. हा अधिकारी झाला तेव्हा मास्तरांनी स्वतः बेतला होता. म्हणाले, काजवाल्या बाईंच्या मुलाचा कोट आहे, आत माया भरपूर ठेवतो, पोरगं अंगाने भरेल. दोनदा उसवून मोठा केला, दोन्ही वेळा शिवणीत कापड निघालं. मोठं करायचं तर आधीच्या माणसाने जागा ठेवलेली असते. आखूड केलेलं मात्र परत लांब होत नाही. म्हणून मी आपण होऊन कात्री घेणार नाही. याने सांगितलं तर घेईन. आणि मग मला ऐकवायचं नाही, की आईने कापला.

नात: बाबा, मी रोज त्या रस्त्याने जाते. तुमच्या ऑफिसची पाटी...

बाबा: उतरवली. माहीत आहे मला.

नात: माहीत आहे?

बाबा: गेल्या महिन्यात जाऊन आलो. तिसऱ्या मजल्यावर आता व्यायामशाळा आहे. माझं टेबल होतं त्या खिडकीशी धावायची यंत्रं लावलीत. माणसं घाम गाळत तिथल्या तिथे धावतात. आम्ही निदान बसून तरी होतो.

आजी: मग आत्ता का म्हणालास, परत बोलावतील म्हणून?

बाबा: म्हणायची सवय लागलीय. सकाळी कपाट उघडलं की सूट दिसतो. वाटतं, आहे अजून. मग कपाट लावतो आणि दिवसभर काही नसतं. दमलोय गं आई. काम करून कधी एवढा दमलो नव्हतो.

आजी: काढ तो कोट.

बाबा: घे. काप.

आजी: असं तोंड फिरवून नको. नीट सांग.

बाबा: आई, दोन इंच आखूड कर. मला ही नोकरी हवी आहे.

आजी: चल गं, टेबलावरचं सगळं खाली काढ. कोट पालथा पसर. खडू दे. तो नको, पांढरा. आणि उसवायचं तू. निळ्या कापडावर निळा दोरा, माझ्या डोळ्यांना आता दोन्ही सारखेच.

नात: मी? मी फक्त टाचण्या लावते. पुतळ्याला कोट ढगळ झाला की पाठीमागून टाचायचा, काचेतून झकास दिसतो.

आजी: म्हणजे त्या काचेतले सगळे पाठीमागून गोळा केलेले असतात? आणि मी इतकी वर्षं म्हणते, यांचं फिटिंग काय सुरेख! बस त्या खिडकीशी. दोरा कापायचा, कापड नाही. एक टाका सोडून एक.

बाबा: मी काय करू?

आजी: सुया ओवून ठेव चार. शाळेतून आलास की दप्तर टाकायच्या आधी माझ्या दहा सुया ओवायचास.

बाबा: तेव्हा दिसायचं. माझा चष्मा कुठे गेला?

नात: डोक्यावर आहे. बाबा, आत काय घालणार? मी म्हणते, पांढरा टी-शर्ट घाला.

बाबा: बनियनवर कोट घालून मी कोणासमोर जाणार नाही.

नात: बनियन नाही हो! बरं, तो फिका निळा शर्ट घाला. गळ्याचं बटण उघडं. आणि काळे बूट नकोत, तपकिरी.

बाबा: गळा उघडा ठेवला की मला डॉक्टर तपासायला येणार असल्यासारखं वाटतं.

आजी: पॅड निघाले, काठ टाचून अंगावर बघूनही झालं; आता दोघंही गप्प बसा. कात्री धरलीय मी.

नात: धरलंय मी कापड.

आजी: झालं.

नात: झालं? आवाजसुद्धा आला नाही.

आजी: चांगल्या कापडाचा येत नाही. ती पट्टी टाकू नकोस, दे इकडे. आणि तुझ्या बापाला पाणी दे, तो श्वास धरून उभा आहे.

(दुपार. तीन वाजायला दहा मिनिटं आहेत.)

नात: बाबा, वळा. आता इकडे. आजी, बघ ना! दहा वर्षं कमी झाली.

आजी: दहा नाही. दोन-तीन म्हण, म्हणजे तो विश्वास ठेवेल.

बाबा: हलका लागतोय. काहीतरी घरी विसरून निघाल्यासारखा.

नात: पॅड काढले ना, म्हणून. बटण लावू नका, उघडाच ठेवा. जीन्सवर उघडा ठेवतात.

आजी: उघडा ठेवतात? मग काजं कशाला करायची?

नात: असू देतात.

आजी: बरं झालं. तपकिरी बटण जरा लहान पडलं, म्हणून वरचं काज आवळायला दोन टाके घातले. वाकडे आलेत. चाळीस वर्षांत माझं काज कधी वाकडं गेलं नव्हतं.

बाबा: कुठे वाकडे आहेत? मला नाही दिसत.

आजी: तुझा चष्मा डोक्यावर आहे.

नात: आजी, एक मिनिट. बाबांचा डावा खांदा खाली का दिसतोय?

आजी: खालीच आहे तो. सत्तावीस वर्षं ऑफिसची बॅग त्याच खांद्यावर. पॅड होते तोवर कोणाला कळलं नाही.

बाबा: तुलाही नाही?

आजी: मलाही नाही. तुझी आई असून.

नात: डावीकडचा पॅड परत घालायचा का? एकच? वेळ आहे अजून थोडा.

आजी: गरज नाही. सकाळी पॅड काढल्यावर याच्या अंगावर काठ टाचून बघितला, तेव्हाच ध्यानात आलं. डावीकडून पाव इंच जास्त घेतलंय. आता काठ सारखा दिसतो.

नात: अय्या, खरंच की. मला कळलंसुद्धा नाही.

बाबा: कशाला तेवढं? मी ताठ उभा राहीन ना तिथे. हे बघ. असा. आता बरोबर?

आजी: ताठ राहू नकोस रे. काठ तिरका दिसतो. रोज उभा राहतोस तसाच राहा, मी त्याच मापाने कापलाय.