शपथेवर शेजारी

मिनेसोटात आमच्या चर्चच्या तळघरात मतदानाची रांग होती. माझ्यापुढे आर्लिसबाई आणि त्यांचे शेजारी ऑर्विल उभे होते.

"ऑर्विल, मी तुमच्या शेजारी राहते एवढं शपथेवर लिहून द्या. नव्या पत्त्याचा कागद नाही माझ्याकडे, पण शेजाऱ्याची सही चालते."

"म्हणजे कुणीही यावं आणि मत टाकून जावं? कुणाचं हे डोकं?"

"माझंच. राज्याच्या निवडणूक कार्यालयात तीस वर्षं होते. ही सोय गावोगाव सांगत फिरले."

"असं कुणीही म्हणेल. तुम्ही तिथे राहता कशावरून?"

"पडद्याआडून रोज बघता की!"

"बघत नाही, लक्ष ठेवतो. रविवारी निळ्या गाडीतून कोण आलं होतं?"

"बहीण. जेवायला गरम हॉटडिश घेऊन."

"दीड तास होती. आणि रोज पहाटे सव्वापाचला तुमचा दिवा लागतो. एवढ्या पहाटे काय करता?"

"राहते, ऑर्विल."

टेबलामागच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "साहेब, सही करताय ना? आज नाही केलीत तर यांचं मत गेलं."

"करतो. पण माझा संशय कायम आहे, हेही लिहून घ्या."

"त्याला रकाना नाही, साहेब."

"मीच ठेवू दिला नाही," आर्लिसबाई म्हणाल्या.

"वाटलंच मला!" असं म्हणून ऑर्विलनी सही केली.