दोन ओळींचा हुकूम

मंगळवारी सकाळी मशीनरूममध्ये टेप बदलत होतो, तेव्हा तार आली — नाही कासमभाई, विमान चुकलं नाही, शनिवारचं तिकीट मीच पुढं ढकलून आजचं करून घेतलं, याच काउंटरवर, तुमच्या जागी दुसरे कोणी बसले होते. शैलजा, माझी बायको, मिरजेला दवाखान्यात होती — हो, होती — आणि इथं बुधवारी आमच्या ऑफिसच्या इमारतीची वीज तासभर बंद राहणार होती. त्याचा काय संबंध, असंच ना? सांगतो. कॉम्प्युटरला नंबरांची दारं असतात, पोर्ट म्हणतात. एक हजार चोवीसच्या खालच्या दारावर साधा प्रोग्रॅम बसू शकत नाही, मुख्य पासवर्डवाल्यानंच बसवावा लागतो. तो कोण? मी. आणि गोदामांना सुट्या भागांची यादी देणारा आमचा प्रोग्रॅम नेमका खालच्या दारावर. मशीन बंद होऊन चालू झालं की मी हजर पाहिजे. साहेबानं देश सोडायच्या परवानगीवर सही केली होती हो — मीच म्हटलं, बुधवार होऊ दे.

पासवर्ड दुसऱ्याला? तो नाही देत कुणाला — पण द्यायची गरजही नव्हती. आमच्या ऑफिसातला महमूद, तुमच्या रत्नागिरीचाच, त्यानं रमझानमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. मी दोन ओळींचा हुकूम देऊन त्यावर एकदा खूण करायची, बस. मग तो कुणीही चालवू दे, दार उघडेपर्यंतच त्याला माझा अधिकार, उघडलं की अधिकार टाकून देतो, साधा होतो. मी दोनदा वाचला. चूक? एक नाही. म्हटलं, बघू. महमूद म्हणाला, ‘रंगनाथभाऊ, तुम्ही रजेवर गेलात तर?’ म्हटलं, मी कुठं जातोय. चार महिने बघतच होतो — मशीन बंद पडलं की साहेबाची गाडी मला न्यायला अल हिलालला घरी येते, शेजारचे गॅलरीत येऊन बघतात — म्हणजे, ते काही कारण नाही.

शनिवारी निघालो असतो तर रविवारी मिरजेत. सोमवार जवळजवळ अख्खा मिळाला असता, ती रात्री गेली. अग्नी मेहुण्यानं दिला. मग मंगळवारीच का नाही निघालो? म्हटलं, आता बुधवार करूनच जाऊ. बुधवारी वीज गेलीच नाही. ते काम पुढच्या महिन्यात आहे म्हणे.

दहाव्याला असेन, इन्शाल्ला. इथं मागं? महमूदला सांगितलंय, मशीन बंद पडू देऊ नको. काय — ऑफिस इथंच मुशैरिबमध्ये, विमानाला अजून चार तास आहेत? आहेत. जाऊन बसलो तर एका मिनिटात होईल. एकच मिनिट लागतं, तेच तर — द्या ते तिकीट, कासमभाई, मागं रांग आहे. त्या दोन ओळी टाइप करायच्या राहिल्यात.