दाईच्या जागी रोबो

दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते. त्यांची आई आत होती. भाऊ सकाळीच विमानानं आला होता.

"एवढं काय वाचतोयस?"

"जुनी रशियन कादंबरी आहे, ताई. कुणीतरी तिच्यात रोबो घुसडलेत. घोडागाड्यांच्या जागी उडत्या गाड्या, दाईच्या जागी यंत्र."

"दाई काय करायची?"

"म्हाताऱ्या मालकिणीचं सगळं. आता रोबो करतो. भरवतो, अंग पुसतो, रात्रभर जागतो."

"चिडत नाही?"

"तशी सोयच नाही त्याच्यात."

"बरंय. आणि म्हातारीला मुलगाबिलगा?"

"आहे की. राजधानीत असतो. शेवटी येतो आणि आईचा हात धरून चार पानं रडतो. तेवढं मूळचंच ठेवलंय. मला तर भरून आलं."

"चार पानं? एवढी सुट्टी मिळाली त्याला?"

"ताई, गोष्ट आहे ती."

"हो, गोष्टच. मग रोबोचं काय होतं?"

"रोबोचं? थांब, बघतो. नाही, पुढे त्याचं काही दिलेलं नाही."

"आणि मूळ कादंबरीत दाईचं?"

"ते नाही बुवा आठवत."

तेवढ्यात नर्स बाहेर आली. "आजींजवळ आज कोण थांबणार?"

"ताई आहे ना," भाऊ पुस्तकातून मान वर न करता म्हणाला.